दोन विमानांच्या मधले दहा तास : मामा-मामींना मुंबई दाखवता येईल का?

मुलुंडची भाची

नमस्कार. माझे मामा आणि मामी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून मुंबईमार्गे मस्कतला माझ्या मामेभावाकडे जात आहेत. नागपूरचे विमान मंगळवारी सकाळी साडेआठला टर्मिनल १ वर उतरेल आणि मस्कतचे विमान संध्याकाळी पावणेसातला टर्मिनल २ वरून सुटेल. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असल्यामुळे दोन मोठ्या बॅगा मुंबईत ताब्यात घ्याव्या लागतील. त्या दिवशी आमच्या कार्यालयात ऑडिट आहे, त्यामुळे मला रजा मिळणार नाही. आणि त्यांना मुलुंडला घरी आणून पुन्हा विमानतळावर सोडायचे म्हटले तर त्यांचा अर्धा दिवस रस्त्यातच जाईल.

मामींनी एकतीस वर्षे वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी त्यांनी किती वर्गांना शिकवली असेल याची गणती नाही, पण बोरीबंदर त्यांनी कधी पाहिलेले नाही. मुंबईत त्या दोनदाच आल्या, दोन्ही वेळा आजीच्या उपचारांसाठी परळला, आणि दोन्ही वेळा रुग्णालयाच्या आवारातूनच परत गेल्या. मामांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ते मध्ये मध्ये बसत पाऊण तास चालू शकतात, जिने मात्र टाळतात.

एका टूरवाल्याने 'पाच तासांत मुंबई दर्शन' सुचवले आहे. विमानतळावरून गाडीने सी लिंक, हाजी अली, हँगिंग गार्डन, मरीन ड्राइव्ह, गेटवे ऑफ इंडिया आणि सीएसएमटी, म्हणजे बोरीबंदरच्या जागचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दाखवून ते परत आणून सोडतात. हे घ्यावे, की एखाद्या जाणकार मार्गदर्शकाबरोबर थोडेच पाहावे? बॅगांचे काय करावे? ज्यांनी असे केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

पार्लेकर

ताई, सर्वांत आधी दहा तास हा आकडा मनातून काढून टाका आणि हिशोब शेवटाकडून मांडा. पावणेसातचे आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे दोघांनी साडेतीनपर्यंत टर्मिनल २ च्या दारात असले पाहिजे, कारण ठेवलेल्या बॅगा परत घेणे, चेक-इन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी या चार रांगा ज्येष्ठांनी घाईत उरकण्याच्या नाहीत. सकाळी साडेआठला विमान टेकले, तरी बॅगा हातात पडून बाहेर यायला सव्वानऊ होतील. टर्मिनल १ हे सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला आहे. तिथपर्यंत टॅक्सीने जाऊन, पैसे भरून सामान ठेवण्याची जी सोय आहे तिथे बॅगा देऊन मोकळे होईपर्यंत सव्वादहा धरा. आता उरले सव्वापाच तास, आणि त्यांतून जाण्या-येण्याचा वेळ वजा केल्यावर प्रत्यक्ष शहर पाहायला तीन तासांहून कमी वेळ मिळतो.

या तीन तासांत सहा ठिकाणे बसवायची म्हणजे काय होते ते आमच्या घरात घडले आहे. माझी मोठी बहीण आणि मेहुणे बेंगळुरूहून येऊन दुबईला जाणार होते, आणि मध्ये आठ तास होते म्हणून त्यांनी अशीच एक गाडी ठरवली. गेटवेसमोर दहा मिनिटे, हँगिंग गार्डनला पंधरा मिनिटे, बाकी सगळे काचेतून. परतताना गाडी कलानगरच्या पुढे महामार्गावर जी अडकली, ती हलेना. चेक-इनचा काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, आणि हे दोघे तो बंद व्हायला सात मिनिटे असताना धापा टाकत पोहोचले. दुबईहून तिचा फोन आला तेव्हा मी तिला काय काय पाहिलेस असे विचारले, तर तिला गाडीतले घड्याळ सोडून काही आठवेना. तिचा तो आवाज मी विसरलेलो नाही, म्हणून कळकळीने सांगतो की ती गाडी घेऊ नका.

सागरी किनारा मार्ग झाल्यापासून मरीन ड्राइव्ह ते वरळी हे अंतर झपाट्याने कापता येते हे खरे, पण वांद्र्याच्या पुढे विमानतळापर्यंतचा रस्ता पूर्वी होता तसाच आहे. तुमच्यासाठी मेट्रो ३ हा उत्तम मार्ग आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली आहे. तिच्यावर विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत, आणि टर्मिनल २ वरून सीएसएमटीला पाऊण तासाच्या आत-बाहेर पोहोचता येते. सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे मामांच्या गुडघ्यांनाही त्रास होणार नाही. येतानाचा वेळ वाहतुकीच्या मर्जीवर राहत नाही, हा माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

फोर्टची पायवाट

मी गेली काही वर्षे फोर्ट परिसरात लहान गटांना वारसा फेरी घडवते, त्यामुळे पार्लेकरांच्या हिशोबाच्या पुढचे सांगते. दोन विमानांच्या मधल्या वेळात एकच परिसर निवडावा आणि तो नीट पाहावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या मामी इतिहासाच्या शिक्षिका आहेत हे वाचल्यावर तर फोर्टशिवाय दुसरे नाव माझ्या मनात येत नाही.

सुरुवात सीएसएमटीपासून करावी, पण लगेच आत शिरू नये. पन्नास-साठ पावले मागे, महापालिकेच्या बाजूच्या पदपथावर उभे राहावे. तिथून दिसणारी स्थानकाची इमारत आणि पाठीमागची महापालिकेची इमारत या दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाच्या आहेत. स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले, तर महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली स्त्री उभी आहे, ती 'प्रगती'. भिंतींवरचे मोर, माकडे आणि पानेफुले जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत, आणि ती पाहण्यासाठी घरात लहान दुर्बीण असेल तर मामींनी ती जरूर आणावी.

दुर्बीण सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. दर्शनी भिंतीवर, ती पहिली आगगाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी संबंधित व्यक्तींची अर्धशिल्पे कोरलेली आहेत, आणि त्यांत जमशेटजी जिजीभाईंबरोबर मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेले आपले नाना शंकरशेठही आहेत. रोज लाखो माणसे त्या भिंतीखालून जातात, पण मान वर करून नानांना पाहणारा क्वचितच भेटतो. ज्या बाईंनी एकतीस वर्षे पहिल्या आगगाडीचा धडा शिकवला, त्यांना तिथे नाना भेटले पाहिजेत.

तिथून हुतात्मा चौक साधारण एक किलोमीटरवर आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या कमानींखालून सावलीत चालता येते, पण तिथे गर्दी फार असते, त्यामुळे मामांना टॅक्सीने आणावे. जवळच्या भाड्याला काही चालक तयार होत नाहीत, म्हणून टॅक्सी मार्गदर्शकानेच थांबवलेली बरी. हुतात्मा चौकात १८६४ चे फ्लोरा फाउंटन आहे आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. याच भागात जुन्या किल्ल्याचा चर्च गेट होता. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले गेले, दरवाजाही गेला, पण ज्या चर्चमुळे त्याला ते नाव मिळाले, ते १७१८ चे सेंट थॉमस कॅथीड्रल आजही पाच-सात मिनिटांच्या अंतरावर उभे आहे, आणि पश्चिम रेल्वेचे एक अख्खे स्थानक त्या नाहीशा झालेल्या दरवाजाचे नाव सांगत आहे. जुन्या मुंबईत रस्त्यांवरचे मैलांचे दगड याच चर्चपासून मोजून बसवले जात. ही गोष्ट सांगितली की लोक चर्चच्या पायरीवर थबकतात, असा माझा अनुभव आहे.

चर्चच्या पुढेच हॉर्निमन सर्कलची बाग आहे. तिथे मोठी झाडे आहेत, बसायला बाके आहेत. मामा तिथे निवांत बसतील तोवर मामी समोरच्या १८३३ च्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या, तीस पायऱ्या चढून येतील. एवढ्यात दोन वाजतील. हुतात्मा चौकाचे मेट्रो स्थानक जवळच आहे. तिथून सव्वादोनला निघावे.

मार्गदर्शक निवडताना त्याच्याकडे शासनमान्य ओळखपत्र आहे का ते पाहावे आणि मराठीतून सांगणार का हे आधी विचारावे. मी स्वतः एक गोष्ट पारखते. आपण परतीच्या विमानाची वेळ सांगितल्यावर जो आधी घड्याळाचा हिशोब मांडतो आणि मग ठिकाणांची नावे घेतो, तो भरवशाचा.

दादरची सून

गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे जाताना मी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरची मोफत शहर फेरी केली होती, त्यातले एक-दोन मुद्दे इथे उपयोगी पडतील. ती फेरी दोन विमानांमध्ये किमान साडेपाच तास आणि चोवीस तासांहून कमी वेळ असलेल्या प्रवाशांसाठी असते आणि साधारण अडीच तास चालते. पाहा, साडेपाच तासांना अडीच तासांचीच फेरी. बाकीचे तीन तास त्यांनी जाणून-बुजून मोकळे ठेवलेले आहेत. शिवाय तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे तर सिंगापूरचा व्हिसा किंवा व्हिसाविना संक्रमणाची पात्रता लागते, आणि ते नसल्यामुळे माझ्या पुढे रांगेत असलेल्या नाशिकच्या एका जोडप्याला मागे फिरावे लागले. मला त्यांचे फार वाईट वाटले.

तुमच्या मामा-मामींना ही अडचण नाही, कारण जाताना मुंबईपर्यंतचा प्रवास देशांतर्गत आहे आणि इमिग्रेशन संध्याकाळीच होईल. परत येताना मात्र मुंबईलाच इमिग्रेशन आणि कस्टम उरकावे लागेल, तेव्हा परतीच्या दिवशी असाच बेत करणार असाल तर आणखी तास-दीड तास कमी धरा. दोघांच्याही पर्समध्ये मस्कतच्या तिकिटाची छापील प्रत असू द्या. विमानतळाच्या दारावर सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतात, आणि ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपली तर वृद्ध माणसे गांगरून जातात. पासपोर्ट, औषधे आणि पैसे ठेवीच्या बॅगेत चुकूनही राहू देऊ नका.

मुलुंडची भाची

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. गाडीवाल्याला 'नको' म्हणून कळवले आहे. फक्त एक शंका आहे. मामांना गेटवे पाहायचा आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आले म्हणून बांधायला घेतलेला तो दरवाजा १९२४ ला पूर्ण झाला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश तुकडी त्यातूनच बाहेर पडली, हे त्यांनी मामींकडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यांचा हट्ट मला मोडवत नाही. एशियाटिकऐवजी गेटवे चालेल का?

फोर्टची पायवाट

चालेल, अवश्य करावे. हॉर्निमन सर्कलहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत गेटवे येतो. आत जाताना सुरक्षा तपासणीची रांग असते, पण मंगळवारी दुपारी ती फार लांब नसते. फक्त दीड वाजेपर्यंत तिथे पोहोचता आले तरच जावे, आणि तिथून मेट्रोपर्यंत मामांना चालवू नये. दीड उलटून गेला असेल तर मामांची समजूत मार्गदर्शकाने घालावी, मामींवर ते काम टाकू नये.

मुलुंडची भाची

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. दोघेही मस्कतला सुखरूप पोहोचले. नागपूरचे विमानच चाळीस मिनिटे उशिरा आले, त्यामुळे फेरी पावणेबाराच्या पुढे सुरू झाली. गेटवे राहिला. मामांनी तो परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवला आहे आणि त्यासाठी आम्ही परतीचे नागपूरचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे काढले आहे, म्हणजे मी स्वतः त्यांना घेऊन जाईन.

सीएसएमटीसमोर मात्र त्यांनी तब्बल पन्नास मिनिटे घालवली. मार्गदर्शक ताईंनी आधी भिंतीकडे बोट दाखवले नाही, तर मामींनाच शोधायला सांगितले. मामींनी मामेभावाची लहानपणची दुर्बीण नेली होती. तिची एक काच धूसर झालेली आहे, म्हणून एक डोळा मिटून त्या भिंतीवरचा एकेक चेहरा पाहत गेल्या, आणि नाना सापडल्यावर दुर्बीण मामांच्या हातात देऊन तिथेच पदपथावर त्यांनी पायातल्या चपला काढून हात जोडले. मामांनी त्याचा फोटो काढून मला कार्यालयात पाठवला. साडेतीनला पाच मिनिटे असताना दोघे टर्मिनल २ च्या दारात होते.