फिल्टर बदलल्यापासून ट्रॅक्टर दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो, एअर जातच नाही

मंगळवेढा_काळं_रान
राम राम मंडळी. आमचा जुना ४२ एचपीचा चार सिलिंडर ट्रॅक्टर आहे, लाइनचा पंप (मोठा डिझेल पंप, आतले दट्टे एका ओळीत). परवा दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकीखालची काचेची वाटी उघडून धुतली, इंजिन ऑइल बदललं. डिझेल लाइनमधली एअर (हवा) काढली, गाडी एका सेलला चालू झाली. पण पाच-दहा मिनिटं झाली की आवाज खाली-वर होतो, मिस मारते आणि आपोआप बंद. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला की नुसता फेस येतो. फेस गेला की परत चालू, परत तेच. मोकळी उभी असताना जास्त वेळ टिकते, रानात पेरणी यंत्र टेकवलं की लगेच जीव सोडते.

बाहेर कुठंही डिझेलचा थेंब नाही. दोन्ही फिल्टर हात फिरवून बघितले, ठणठणीत कोरडे. रान वापशावर आलंय, ज्वारी पेरायची आहे, वरून ऊन असं की ओल हातची जाईल. जाणकारांनी सांगा.

बार्शीचा_पाव्हणा
दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढा, तिसऱ्या गिअरात क्लच सोडा. एअर आपोआप निघून जाते. आमच्याकडं सगळे असंच करतात.

नोझलवाले_टेंभुर्णी
पाव्हणं, गाडी चालू होतच नसती तर ओढायचं. त्यांची गाडी चालू होतीय, नंतर बंद पडतीय. ओढून काय साधणार? दोर तुटला तर मागच्याचं डोकं फुटंल ते वेगळंच.

मंगळवेढेकर, तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींतच तुमचं उत्तर आहे. एक, थेंब कुठं नाही. दोन, लोड आला की लवकर बंद पडते.

फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप. त्याच्या पुढं जे काय आहे, म्हणजे दोन्ही फिल्टर आणि मोठा पंप, तिथं डिझेल दाबानं जातं. तिथं रिंग नीट बसली नाही तर डिझेल बाहेर येणार, फिल्टर ओला दिसणार. तुमचे फिल्टर कोरडे आहेत, म्हणजे फिल्टर बरोबर बसलेत. त्यांना परत उघडू नका. फीड पंपाच्या अलीकडं मात्र, टाकी ते फीड पंप एवढ्या टप्प्यात, डिझेल ओढलं जातं. तिथं फट असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शनला चीर पडली की पाणी गळत नाही पण मोटार हवा धरते, तसाच हा प्रकार. लोडवर डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त येते. म्हणून रानात लवकर मरते.

तिथं बघायच्या जागा थोड्याच आहेत. पहिला संशय मला काचेच्या वाटीवर, कारण ती तुम्ही उघडली. वाटीच्या वरची रबर रिंग जुनी झाली की डिझेल पिऊन फुगते, परत खाचेत बसत नाही, एका बाजूनं चिमटते. वरून तार कितीही आवळा, उपयोग नाही, काच तडकेल. दुसरं, हातपंपाची मूठ. पंप मारून झाल्यावर ती दाबून आटे घट्ट बसवावी लागते. ढिली राहिली तर तिथूनही हवा ओढते. तिसरं, बँजो बोल्टच्या (डिझेल पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वायसर, म्हणजे वॉशर. एकदा दबलेली वायसर कडक होते, परत नीट दबत नाही. नवी नसेल तर तांबडीलाल तापवून पाण्यात टाका, मऊ पडते. तेवढ्यापुरतं काम भागतं, पण नवी चार-पाच रुपयांची वस्तू आहे, घरात दहा ठेवा की. चौथं, टाकीपासून येणारा रबरी पाइप, क्लिपजवळ बारीक चिरा पडलेल्या असतात. वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाहीत.

अंदाजानं सगळं बदलत बसू नका. वाटी ते फीड पंप जो रबरी पाइप आहे तो काढून त्या जागी पारदर्शक नळी लावा. सलाईनची नळी मापात बसली तर तीही चालेल, पण फक्त तपासण्यापुरती, डिझेलनं ती कडक होते. गाडी चालू करा आणि बघा. बुडबुडे पळताना दिसले तर हवा वाटीत किंवा तिच्या अलीकडं. नळी स्वच्छ भरून वाहतीय तरी गाडी मरतीय, तर फीड पंपाकडं बघायचं.

आणि एक, हे करायच्या आधी टाकीचं झाकण ढिलं ठेवून एकदा चालवा. झाकणाचं श्वासाचं भोक मातीनं बुजलं असलं तरी गाडी अशीच थोडा वेळ चालून मरते. उघडताना सुस् आवाज आला तर तेच. पण तुमच्याकडं फेस येतोय, त्यामुळं मला झाकणाची शंका कमीच आहे.

मंगळवेढा_काळं_रान
अण्णा, झाकण ढिलं करून बघितलं, फरक नाही. मूठ घट्ट आहे. वाटीची रिंग जुनीच टाकलीय, फिल्टरच्या खोक्यात ती नव्हती. आता नळी लावतो. त्याआधी एक विचारतो, एअर काढायची आमची पद्धत बरोबर आहे का? आम्ही फक्त फिल्टरवरचे स्क्रू उघडतो.

नोझलवाले_टेंभुर्णी
फिल्टरवर अर्धं काम होतं. टाकीपासून नोझलकडं (सिलिंडरात डिझेल फवारतं ते), क्रमानं जायचं. उलटं गेलं की मागची हवा पुढं येते आणि परत पहिल्यापासून.

आधी स्क्रूभोवतीची माती ब्रशनं डिझेल लावून धुऊन घ्या. आमच्याकडं उसाच्या हंगामात गाड्या येतात, धुळीनं फिल्टर कुठला आणि ब्रॅकेट कुठलं कळत नाही. तसाच स्क्रू उघडला की ती माती सरळ पंपात. टाकी निम्मी तरी भरलेली हवी, कॉक उघडा. खाली डबा ठेवा, अर्धा लिटर डिझेल जमिनीवर कशाला सांडायचं.

पहिल्या फिल्टरचा स्क्रू एक-दीड आटे ढिला करा, काढू नका. हातपंप मारत राहा. फेस, मग बुडबुडे, मग सलग निर्मळ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा, एक माणूस पंपावर, एक पान्यावर. मग दुसरा फिल्टर. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, हा बरेच जण विसरतात. आवळताना जोर लावू नका, फिल्टरचं डोकं मऊ धातूचं असतं, आटे गेले तर नवीनच डोकं घ्यावं लागतं. हातपंपाला दाबच लागत नसेल तर त्याच्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय समजा.

मग नोझल. गाडी न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, बंद करायचा खटका आत, रेस पूर्ण. दोन नोझलवरचे पाइपाचे नट अर्धा-एक आटे ढिले करा आणि सेल मारा. आधी फसफस, मग डिझेलच्या पिचकाऱ्या उडतात. आवळा. मग उरलेले दोन. बहुतेक वेळा दोन आवळताच गाडी धरते. सेल दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये एक मिनिट थांबा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही गरम.

नोझल साधारण २०० बार दाबाच्या आसपास उघडतं. पाइपात हवा असली की मोठ्या पंपाचा प्लंजर (दट्टा) ती हवाच दाबत बसतो, तेवढा दाब होतच नाही, म्हणून एवढी उठाठेव. आणि त्याच दाबामुळं फटीसमोर बोट धरायचं नाही, डिझेल कातडीच्या आत शिरतं. दिसायला टोचल्याएवढं, पण तासाभरात दवाखाना गाठावा लागतो, मलम लावून चालत नाही.

सायलेन्सरकडं पण लक्ष असू द्या. सेल मारताना पांढरा धूर येतोय तर डिझेल नोझलपर्यंत पोचलंय. धूरच नाही तर अजून पोचलेलं नाही, उगाच सेल मारत बसू नका.

मंगळवेढा_काळं_रान
नळी लावली. गाडी चालू केल्याबरोबर बुडबुड्यांची माळ! टाकी ते वाटीच्या पाइपाच्या जागी लावून बघितली तर तिथं स्वच्छ. म्हणजे वाटीच. रिंग काढली तर एका बाजूला चपटी. गावातल्या दुकानात त्या मापाची मिळाली नाही, भाऊ मोटारसायकलवर पंढरपूरला जाऊन घेऊन आला. तुमच्या क्रमानं एअर काढली, मोठ्या पंपाच्या स्क्रूमधून बराच फेस आला. दुपारपासून पेरणी चालू आहे.

सांगोला_डाळिंब
आमचा ५५ एचपीचा नवा आहे, कॉमन रेलवाला (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल). हीच पद्धत चालेल का? फिल्टर मीच बदलणार आहे.

नोझलवाले_टेंभुर्णी
फिल्टरपर्यंत चालेल, पुढं अजिबात नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, तेव्हापासून बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल आली. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. नोझलचे पाइप ढिले करून सेल मारायचा विचारही करू नका. हातपंपानं फिल्टरची हवा काढा, मूठ कडक लागेपर्यंत मारा, मग सेल मारा, पुढची हवा रिटर्न लाइननं (उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप) टाकीत जाते. तरी चालू झाली नाही तर पाना खाली ठेवा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा. फिल्टर मात्र पुस्तकात दिलाय तोच घ्या, आणि बसवायच्या आधी त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरू नका. त्यातला कण सरळ इंजेक्टरात जातो, आणि त्या इंजेक्टरची किंमत ऐकली तर तुम्ही एक हंगाम डिझेल विसराल.