मदत हवी आहे: दादांसाठी रानात चालेल असा फोन

वडिलांसाठी (त्यांना आम्ही दादा म्हणतो) फोन घ्यायचाय. बजेट १२ हजार, कंपनी कोणतीही चालेल. परभणीजवळच्या गावात राहतात, दिवसभर रानात. ई-पीक पाहणीचा (ॲपवर पिकाची नोंद करायचा) फोटो काढताना उन्हात स्क्रीन दिसत नाही, लोकेशनही लवकर पकडत नाही. जुन्या फोनची खरी अडचण हीच. ब्राइटनेस पूर्ण केला, स्क्रीनगार्ड काढून पाहिला, ॲप पुन्हा टाकलं. फरक नाही. लाइटचा भरवसा नाही, म्हणून किमान ५,००० एमएएच बॅटरी पाहिजे. दोन सिम, मोठा आवाज. ५जी गावात धड येत नाही, ४जी चालेल. सेल्फी दादा काढत नाहीत, पण दुकानदार मेगापिक्सेलवरून हलायला तयार नाही! रानात वापरणाऱ्यांनी सांगा: ६०० निट्सचा (निट्स म्हणजे ब्राइटनेसचं माप) एलसीडी स्क्रीनचा नवा फोन भर उन्हात पुरतो का, की जास्त ब्राइटनेसच्या अमोलेड स्क्रीनचा सेकंडहँड घ्यावा?