शब्दचर्चा: उपग्रहाला दिसतो तो अधिवास की आच्छादन?

माळावरचा :
सोलापुरातल्या एका कॉलेजात विज्ञानदिनाला भित्तिफलक लागणार आहेत. त्यातला एक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय असा, की किनाऱ्यालगतच्या समुद्रात जीव जिथं राहतात त्या जागांचे उपग्रहावरून नकाशे करायचे आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघत राहायचं. मी शीर्षक केलं, 'किनारी सागरी अधिवासांचे सुदूर संवेदनाद्वारे मानचित्रण व सनियंत्रण'. पोरांना वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "काय बे, अधिवास? ते सेतूत मिळतंय की!" त्यांचं चूक नाही. आपल्याकडे हा शब्द वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाच्या दाखल्यासाठीच तोंडात येतो.

तर हॅबिटॅटला दुसरा शब्द आहे का? वसतिस्थान, निवासस्थान, थारा असं काय काय सुचलं, पण मन बसत नाही. मॉनिटरिंगचंही सांगा. आणि नकाशाच्या सूचीत मॅन्ग्रोव्ह, सीग्रास, लगून, मडफ्लॅट आहेत. इथल्या पोरांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, मीही फारसं नाही.

शुद्धलेखन :
आधी अनुस्वार. शब्द 'संनियंत्रण' आहे, 'सनियंत्रण' सरकारी पत्रकांनी रूढ केलं. पण दोन्ही टाळा. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह नियंत्रण कशावर ठेवणार? 'पाळत' म्हणाल तर पोवळ्यांनी काय गुन्हा केलाय ते सांगावं लागेल. 'देखरेख'मध्ये जबाबदारी येते. 'मागोवा' बरा, त्यात काळ आहे. 'मानचित्रण' हिंदी वळणाचं. मराठी माणूस नकाशा करतो नाहीतर काढतो.

'सुदूर संवेदन' (रिमोट सेन्सिंग) मात्र राहू द्या. नागपूरच्या सरकारी केंद्राच्या नावातच ते आहे, आता 'दूरसंवेदन' की 'सुदूर' हा वाद उकरून काही मिळणार नाही.

भूगोलवाली :
अधिवास बदलू नका. सेतूमुळे हसू येतं ते येऊ दे. आपल्या जिल्ह्यात हा शब्द दाखल्याबाहेरही वर्षानुवर्षं वापरात आहे, नान्नजमुळे. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौ. किमी होतं, त्यात गावंच्या गावं आणि बागायती शेतं. पुढे ते १,२२२ चौ. किमीवर आलं. अभयारण्य म्हणजे कागदावरची हद्द. माळढोकाचा अधिवास म्हणजे जिथं त्याला उघडं गवत, किडे-नाकतोडे, अंडं घालायला निवांत जमीन आणि लांबवर नजर मिळते तेवढीच जागा. ती हद्दीच्या आत असेल, बाहेरही असेल. आज माळ पुष्कळ आहे, माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय.

आता हेच समुद्राला लावा, कारण तुमच्या फलकातली खरी अडचण इथं आहे. उपग्रहाला अधिवास दिसत नाही. त्याला परावर्तित प्रकाश दिसतो, त्यावरून आपण आच्छादन ठरवतो: इथं झाडी, इथं वाळू, इथं चिखल. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशात ४,९९२ आणि महाराष्ट्रात ३२४ चौ. किमी असे आकडे आहेत ते कांदळवनाच्या (मॅन्ग्रोव्ह, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातली झाडी) 'आच्छादना'चे. त्या झाडीत खेकडा आहे का, कोळंबीची पिल्लं वाढतात का, हे त्या आकड्यात नाही. आच्छादनावरून अधिवासाचा अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी कुणीतरी चिखलात उतरावं लागतं. मूळ मजकुरात दोन शब्द दोन ठिकाणी असतील तर मराठीतही दोनच ठेवा. भाषांतरात बहुतेक वेळा दोन्हीचा 'अधिवास' होतो आणि आकडा उगाच मोठं काहीतरी सांगू लागतो.

देवगडकर :
ताईंचं खरं. आमच्याकडे खाडीत बांध घालून भरतीचं पाणी तोडलं तरी तिवरं काही काळ हिरवी उभी असतात. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. आत मात्र मासळीचं येणं-जाणं बंद झालेलं.

सूचीतल्या शब्दांबद्दल. मॅन्ग्रोव्हला मुंबईची वर्तमानपत्रं 'खारफुटी' लिहितात, वनखातं 'कांदळवन' म्हणतं, त्यांचा कक्षच आहे त्या नावाचा. किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराल तर तो सरसकट नाव घेणार नाही. श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर काढतं ते तिवर. कमानीसारख्या आधारमुळांवर उभं राहतं ते कांदळ. शिवाय चिप्पी, काटेरी पानांची मारांडी. म्हणजे 'कांदळवन' हे एका झाडाच्या नावावरून सगळ्यांचं केलेलं नाव. चालतं, मी भांडत नाही. पण फलकावर कुठंतरी तिवर आणि कांदळ वेगळे दाखवा. २०२० मध्ये राज्याने पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली, तिचं चित्र सहज मिळेल.

लगूनला, म्हणजे वाळूच्या किंवा पोवळ्यांच्या बांधामागं अडलेल्या समुद्राच्या उथळ पाण्याला, मात्र 'खाजण' लिहू नका, हात जोडतो.

माळावरचा :
लिहून झालंय! शाळेच्या भूगोलात तेच शिकलो. चिल्का म्हणजे खाजण सरोवर.

देवगडकर :
पुस्तकात तसं आहे, माहीत आहे. पण कोकणात खाजण म्हणजे खाडीकाठची खारट, दलदलीची सखल जमीन, भरतीला भिजणारी, तिवरं असलेली किंवा तोडून शेतीला घेतलेली. तुमच्या सूचीत लगून आणि मडफ्लॅट दोन्ही आहेत ना? मग कोकणातल्या वाचकाला 'खाजण' मडफ्लॅटच्या बाजूचं वाटणार आणि बार्शीच्या पोराला लगूनच्या बाजूचं. एकाच नकाशावर. जुन्या ग्रंथांत 'खारकच्छ' भेटतं, ते बोलण्यात कुणी वापरत नाही. सरळ 'लगून' ठेवा. मडफ्लॅटला 'चिखलपट्टा' म्हणा, आंधळ्यालाही कळेल.

सूतगिरणी :
मी टॉवेलच्या धंद्यातला, समुद्राशी संबंध मिठापुरता. पण फलकात प्रवाळांचं, म्हणजे पोवळ्यांचं, 'विरंजन' येणार असेल तर बोलतो. आमच्याकडे ब्लीचिंग म्हणजे सुताचा मूळ पिवळटपणा रसायनाने काढणं, पुढं रंग नीट बसावा म्हणून. काम चांगलं झालं याची ती खूण. कोशात त्यालाच विरंजन आहे. प्रवाळाचं तेच होतं का? वाचलं ते असं, की पोवळ्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बहुतेक अन्नही. पाणी फार तापलं की पोवळं ते शैवाल बाहेर टाकतं आणि खालचा चुनखडी सांगाडा पारदर्शक कातडीतून पांढरा दिसतो. मग याला रंग काढणं कसं म्हणायचं?

'पोवळी पांढरी पडणे' का नको? माणूस पांढराफटक पडला म्हणजे मेला असं कुणी समजत नाही. आजारी आहे, सावरेल किंवा जाईल. पांढरी पडलेली पोवळीही जिवंत असतात, पाणी लवकर निवलं तर सावरतात असं वाचलं.

भूगोलवाली :
उत्तम. मी वर्गात आजपासून हेच वापरणार.

त्याला जोडून एक. पोवळी पांढरी पडण्याचा इशारा उपग्रह देतो तेव्हाही बहुतेकदा त्याने पोवळी पाहिलेली नसतात. तो पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो. त्या जागी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी, तिच्यापेक्षा पाणी एक अंश किंवा जास्त वर गेलं की तो जादा ताप आठवड्यागणिक साठवत जायचा. याला 'अंश-आठवडे' म्हणू. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पद्धतीत बेरीज ४ झाली की पोवळी पांढरी पडू लागतील असं धरतात, ८ झाली की मोठ्या प्रमाणात आणि मरतीलही. मोजलं तापमान, अनुमान पोवळ्यांचं. फलकावर 'उपग्रहाने पोवळ्यांची हानी टिपली' असं वाक्य असेल तर आधी ते कशावरून आलंय ते बघा.

माळावरचा :
हे बरं सांगितलंत, तसलं एक वाक्य आहेच. सीग्रासचं काय करू? मी 'समुद्री शेवाळ' केलं होतं.

भूगोलवाली :
अजिबात नको. शेवाळ वेगळं. सीग्रास ही फुलणारी वनस्पती, तिला मुळं, देठ, फुलं, बिया सगळं असतं. 'समुद्रगवत' म्हणा. तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात समुद्रगाय हेच चरते, तिच्यासाठी २०२२ मध्ये ४४८ चौ. किमीचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. लक्षद्वीपच्या काही लगूनांत उलटं झालं. हिरव्या कासवांची गर्दी झाली, त्यांनी चरून चरून समुद्रगवत पार विरळ केलं आणि त्यातले मासेही कमी झाले.

शब्दांची ही गल्लत उपग्रहाचीही होते, म्हणून थोडं लांबण लावते. पाण्यात शिरल्यावर प्रकाशाचे सगळे रंग सारखे टिकत नाहीत. अवरक्त किरण वरच्या थरातच शोषले जातात, म्हणून त्या पट्ट्यात पाणी काळंकुट्ट दिसतं आणि किनारा सुरेख कापून निघतो. लाल काही मीटरांत संपतो. निळा-हिरवा खोल जातो, लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात वीस मीटरच्या पुढेही. म्हणजे तळाचा नकाशा जवळपास या दोनच रंगांवर करायचा. त्यात उथळावरचं विरळ समुद्रगवत आणि खोलावरची उघडी वाळू सारखीच गडद दिसू शकतात. समुद्रगवत, शेवाळलेला खडक आणि मेलेल्या पोवळ्यांवर वाढलेलं शैवाल यांचीही अशीच अदलाबदल होते. डेव्हिड लायझेंगा यांनी १९७८ च्या सुमाराला दोन रंगपट्ट्यांची तुलना करून खोलीचा परिणाम वजा करण्याची रीत मांडली, ती आजही वापरतात. पण तिला पाणी नितळ लागतं. कोकणात गाळ एवढा, की पुष्कळ ठिकाणी तळ दिसतच नाही. पावसाळ्यात तर वर ढग आणि खाली गढूळ पाणी. रडार ढगातून पाहतं, पण पाण्याखाली जात नाही. म्हणून आपल्या किनाऱ्याचे चांगले नकाशे कांदळवनाचे, चिखलपट्ट्यांचे, वाळूचे. पाण्याखालचे बहुतेक लक्षद्वीप, मन्नार, अंदमानचे. तुमच्या फलकावर नकाशा कुठला आहे?

माळावरचा :
दोन आहेत. एक लक्षद्वीपचा, दुसरा कोकणातल्या एका खाडीचा, २०१६ आणि २०२३ शेजारी शेजारी. दुसऱ्याखाली लिहिलंय 'चिखलपट्ट्यात घट'.

देवगडकर :
थांबा. दोन्ही चित्रं भरतीच्या कुठल्या वेळेची?

आमच्याकडे हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. हे नकाशे ज्या उपग्रहांवरून होतात ते आपल्या डोक्यावरून साधारण साडेदहा-अकराला जातात, दर खेपेला त्याच सुमाराला, बरोबर ना ताई? मग बघा. उधाणाच्या दिवशी, जेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, तेव्हा उपग्रह ऐन भरतीला हजर. खरी मोठी ओहोटी पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, तेव्हा तो नसतो. त्याच्या वेळेला ओहोटी गाठायची तर षष्ठी-सप्तमी बघावी लागेल. पण ते दिवस भांगाकडे झुकलेले, पाणी फारसं उतरतच नाही. म्हणजे आम्ही कालवं काढायला ज्या चिखलावर उतरतो त्याचा खालचा भाग या चित्रांत सहसा येतच नाही.

एक चित्र पौर्णिमेचं आणि दुसरं षष्ठीचं असेल तर 'घट' ही पाण्याची आहे की चिखलाची?

भूगोलवाली :
बरोबर. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह साडेदहाच्या स्थानिक सूर्यवेळेला जातो, म्हणजे कोकणात घड्याळात अकराच्या आसपास. त्याची एक बाजू चांगली की सावल्या सारख्या पडतात. पण भरतीच्या बाबतीत तुम्ही म्हणता तेच होतं. उपाय म्हणून वर्षभरातली बरीच चित्रं एकत्र करून कुठली जागा किती वेळा कोरडी दिसली ते मोजतात. जोडीचे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी चित्र देतात म्हणून ते शक्य होतं. नुसती दोन चित्रं शेजारी लावून 'घट' लिहिणं धाडसाचं आहे.

शुद्धलेखन :
मग तिथं 'घट' नको, 'फरक' लिहा.

आणि 'ग्राउंड ट्रूथ'चं, म्हणजे जागेवर जाऊन केलेल्या तपासणीचं, काय केलंत? 'भूसत्य' केलं असेल तर काढा. समुद्राच्या तळाला भू कुठली, आणि कंबरभर चिखलात सत्य म्हणजे जरा जास्तच झालं.

माळावरचा :
केलं होतं, काढतो. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, आधी 'नजरअंदाज' निघते, मग सुधारित, मग अंतिम. मला वाटतं उपग्रहाच्या नुसत्या वर्गीकरणाला 'नजरअंदाज नकाशा' आणि जागेवर जाऊन तपासलेल्याला 'पडताळलेला नकाशा' म्हटलं तर इथल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला फोड करून सांगावी लागणार नाही.

शुद्धलेखन :
हिंदीवाले 'नजरअंदाज'चा अर्थ 'दुर्लक्ष' घेतात, आणि तुमची पोरं हिंदी सिनेमे बघतात.

माळावरचा :
सोलापुरातली पोरं तेलुगू सिनेमे बघतात, ठेवतो मी तो शब्द. शीर्षक आता असं: 'किनाऱ्यालगतचे सागरी अधिवास: उपग्रहावरून नकाशे आणि मागोवा'. सूचीच्या डोक्यावर 'अधिवास' काढून 'आच्छादन' केलं. खाली कांदळवन (तिवर, कांदळ, चिप्पी), समुद्रगवत, पोवळी, वाळू, चिखलपट्टा, लगून. खाडीच्या नकाशाखाली 'फरक' आणि चित्रांच्या तारखा.

देवगडकर :
नुसत्या तारखा काय कामाच्या, तिथी छापा. तारखा इथं टाका, घरात जुनी पंचांगं आहेत, बघून सांगतो.