ऑस्ट्रेलियन बाभळीखाली देशी रोपं येतच नाहीत

प्रश्न: कोकणात जुनी लागवड आहे. खाली फक्त पाचोळा. सगळी झाडं तोडून टाकू का?

उत्तर १: सरसकट तोडू नका! एकदम ऊन मिळालं की रानमोडी, घाणेरी ही तणं माजतात आणि जमिनीत पडून असलेलं बाभळीचं बीही उगवतं. आधी चारातलं एखादंच झाड काढा. सावलीत तग धरणारी कोकम, अंजनी तिथे लावा; ऐन, किंजळ उघड्या जागेत.

उत्तर २: खरा अडसर पाचोळा. तो लवकर कुजत नाही, बारीक बियांची मुळं मातीपर्यंत पोचत नाहीत. मेअखेर लावायच्या जागी पाचोळा काढून मीटरभर गोल साफ करा. जांभळाचं बी मात्र ताजंच पेरा, वाळलं की मेलं.

उत्तर ३: मध्ये उंबर हवाच. फळांवर येणारे पक्षी बाकीचं बी आणतात.