मदत हवी आहे: चाल अर्धवट असतानाच मिक्सिंग करावं का?

खर्जातला_सा:
भावगीताच्या अंगाचं गाणं रीपरमध्ये (संगणकावर गाणं मुद्रित करायचं सॉफ्टवेअर) बांधतोय. मुखडा आणि पहिला अंतरा झाला. दुसरा अंतरा आणि मधले म्युझिक पीस बाकी. ३४ ट्रॅक: तबला मुद्रित केलेला, बाकी हार्मोनियम, बासरी, बेस, पॅड वगैरे मिडीवर (कीबोर्डने वाजवलेले संगणकी सूर), वर डमी, म्हणजे तात्पुरता गायलेला आवाज. मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात) लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारा) आहे. हार्मोनियम आवाजावर चढते म्हणून ईक्यू (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त) करत बसतो आणि पुढचं काही सुचतच नाही. शिवाय कीबोर्ड दाबला की सूर उशिरा येतो. परळला १० बाय १० ची खोली, ५ इंची मॉनिटर. मिक्सिंग पूर्ण थांबवू का?

काळी_दोन:
आधी लिमिटर काढा. लुकअहेडसाठी (पुढे काय येतंय ते आधी बघायला) तो आवाज थोडा रोखून धरतो, आणि मास्टरवर असल्याने तुम्ही वाजवलेला सूरही त्यातूनच जातो. उशीर बहुधा तिथलाच. लिनिअर फेज ईक्यू कुठे असेल तर तोही बंद, तोही आवाज रोखून धरतो. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा (४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, इंटरफेसचा उशीर वेगळा). मिक्सिंगला १०२४ चालेल. प्रोसेसर दमला तर झालेले ट्रॅक फ्रीझ करा (त्यांचा आवाज तयार करून ठेवला जातो).

लिमिटरचा दुसरा ताप म्हणजे नवीन वाद्य आलं की तो बाकीची दाबतो, मग तुम्ही त्यांचे फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायचे दांडे) चढवता, की तो आणखी दाबतो. सगळे फेडर एकत्र खाली आणा, मास्टरचा पीक (सर्वात मोठा आवाज) उणे ६ डीबीच्या आसपास. कमी ऐकू आलं तर मॉनिटरचा नॉब आहेच.

हार्मोनियमचं दुखणं ईक्यूचं नाहीच. आवाज ज्या सप्तकात गातोय तिथेच ती सूर धरून बसली असणार. ओळ चालू असताना तिला नुसते सा-प द्या, तेही खालच्या सप्तकात. ओळ संपली की भरणा करू द्या. ३ डीबी कापून ही जागा मिळत नाही.

विलंबित_लोकल:
सरसकट थांबवा असं मी म्हणणार नाही. एखादा इफेक्ट बंद केल्यावर पुढची ओळ वेगळी सुचत असेल (ठेक्याला उत्तर देणारा डिले, हळूहळू उघडणारा फिल्टर), तर तो रचनेचाच भाग. ठेवा. बाकी आत्ता फेडर, पॅन (डावी-उजवी जागा) आणि सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकना सामाईक, एकच रिव्हर्ब (घुमारा) पुरे. बेस आणि डग्गा सोडून इतरांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापून टाका).

गाणाऱ्याची पट्टी ठरली आहे का? डमी काळी एकमध्ये (C शार्प) आणि प्रत्यक्षात काळी दोन (D शार्प) निघाली, तर बेसचा सा ६९ वरून ७८ हर्ट्झवर जातो आणि बारकाईने केलेले ईक्यूचे सगळे अरुंद कट भलत्याच जागी पडतात. मिडी दोन सेमीटोन चढेल. मुद्रित तबला चढवला तर चाटेचा (तबल्याच्या कडेचा) नाद प्लास्टिकसारखा होतो, तो पुन्हाच वाजवून घ्यावा लागेल.

आणि चौरस खोलीत खालच्या सुरांचे निर्णय घेऊच नका. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्हींचा पहिला अनुनाद ५६ हर्ट्झला, दुसरा ११२ ला. खोलीच्या मधोमध बसलात तर ५६ गायब आणि ११२ फुगलेला. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून बघा, बेस हेडफोनवर तपासा.

खर्जातला_सा:
लिमिटर काढला, उशीर गेला. पट्टी अजून नक्की नाही, उद्याच विचारतो. पण निर्मात्याला कच्चं गाणं पाठवायचंय आणि आता ते पातळ वाटतं.

काळी_दोन:
पाठवायची प्रत वेगळी करा. सेशन दुसऱ्या नावाने सेव्ह करून त्यातच लिमिटर लावा, ३ डीबीपेक्षा जास्त दाबू नका. निर्माता फोनवरच ऐकणार, आणि फोनच्या स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या. १३८ आणि २०७ चे वरचे स्वर तयार होतात, कान त्यावरून सा ओळखतो. ही फाइल कामाच्या सेशनमध्ये परत आणायची नाही.

विलंबित_लोकल:
त्या प्रतीत रिव्हर्ब कमीच ठेवा. निर्माता कच्च्या मिक्सला सरावला की खरं मिक्स त्याला कोरडं वाटतं, आणि मग भांडण मिक्सिंगवाल्याशी. मिक्सिंगवाल्याला ट्रॅक देताना सगळे एकाच ठिकाणाहून, पहिल्या बारपासून सुरू करा. २४ बिट वेव्ह, ईक्यू-काँप्रेसर काढून. रचनेतले इफेक्ट ट्रॅकमध्येच मुद्रित करून द्या, पण सोबत त्याच ट्रॅकची कोरडी प्रतही.