डेटा सेंटरच्या सावलीत बसून आम्ही मागे कसे?

रबाळेचा_गाळावाला

मंडळी, थोडं लांबण आहे, चहा घेऊन वाचा.

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत माझा गाळा आहे. चार लेथ, दोन सीएनसी, आम्ही नऊ जण. पंपाचे शाफ्ट आणि स्लीव्ह करतो, सगळं जॉबवर्क. वडील साताऱ्याहून आले, वागळे इस्टेटला टर्नर होते. हा गाळा त्यांनीच घेतलेला. गेल्या महिन्यात चौदा वर्षांचं एक गिऱ्हाईक गेलं. भांडण नाही, रिजेक्शन नाही. काम गेलं कोल्हापूरला, शिरोलीच्या पार्टीकडे. आणि दर? माझ्यापेक्षा नगामागे तीन रुपये जास्त!

परचेसच्या साहेबांना विचारलं. म्हणाले, "शेठ, ते लोक मापांचा रिपोर्ट, मटेरियल सर्टिफिकेट, हीट नंबर, सगळं माल निघायच्या आदल्या रात्री पोर्टलवर टाकतात. तुमचा कागद टेम्पोवाल्याच्या खिशातून येतो." (हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेला धातू, त्याचा तो नंबर.) खोटं नाही बोलले. मे महिन्यात तर घामाने अक्षर फुटलेलं असतं.

आता गंमत बघा. गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर डेटा सेंटर आहेत. खिडक्या नसलेल्या, रात्रंदिवस गुरगुरणाऱ्या इमारती. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांच्या बसमुळे संध्याकाळी रस्ता ओलांडता येत नाही. माझ्याकडे फायबर आहे, जीएसटी ऑनलाइन भरतो, चहावाल्यालाही क्यूआरवर पैसे देतो. मग शिरोली पुढे आणि आम्ही मागे, हे कसं?

शिरोलीकर

दादा, तुमचं काम आम्ही घेतलेलं नाही, हे आधीच सांगतो.

आम्ही काही जास्त शहाणे नाही. तुमचं गिऱ्हाईक ठाणे-बेलापूर रोडवर. माप चुकलं तर तुम्ही बाइक काढता आणि तासाभरात नमुना साहेबांच्या टेबलावर. आमच्यापासून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. साहेब आमच्या शेडमध्ये वर्षातून एकदा येणार, मग त्यांनी भरवसा ठेवायचा कशावर?

त्यात इथल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग परदेशी जातं. तिकडचं गिऱ्हाईक विचारतं, हा नग कुठल्या हीटमधला? "बघून सांगतो" चालत नाही. आधी फाउंड्रीवाले हे शिकले, मग त्यांनी आम्हा मशिनिंगवाल्यांच्या मागे तगादा लावला. शिव्या घालतच शिकलो आम्ही. सॉफ्टवेअर काही भारी नाही. एक एक्सेल शीट आणि व्हर्नियर धरणाऱ्याच्या बाजूला एक टॅब. पहिले सहा महिने आमचा ऑपरेटर सुट्टी व्हायच्या वेळी सगळी मापं एकदम भरायचा. पंचवीस पॉइंट शून्य शून्य, आणि तेच सरळ खाली ओढलेलं. ऐंशी नग, एकसारखे! ते वळण मोडायलाच जास्त वेळ गेला, टॅब तर दुपारी आणला होता.

धसईचा_भातवाला

ठाणे जिल्हा म्हणजे रबाळे आणि ऐरोलीच नव्हे बरं का. मी मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. १ डिसेंबर २०१६ ला, नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, आमचं गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. अर्थमंत्री मुनगंटीवार आले, टीव्हीवाले आले, दुकानात कार्ड घासायची यंत्रं आली. आमच्याकडे लाइन गेली की यंत्र गप्प, आणि पुन्हा नोटा. फोनवरचे पैसे अंगवळणी पडले ते नंतर, गल्ल्याला क्यूआर चिकटला तेव्हा.

पण भाऊ, क्यूआरमुळे माझ्या भाताला रुपया जास्त आला नाही. भाव व्यापारीच सांगतो, मी मान डोलावतो. फरक एवढाच की पैसे आता फोनमध्ये वाजतात.

नौपाड्याची_हिशेबनीस

भातवाल्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. माझ्याकडे वागळे इस्टेटचे वीसेक कारखानदार येतात. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायची सक्ती, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागलं, मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्याखालच्या माणसाला विचारायला कुणी येत नाही. त्याच्या लेखी डिजिटल म्हणजे रिटर्न भरणं, आणि तेही मीच भरते! बिलं येतात कॅरीबॅगेत, शाई उडालेली. सरकारला दाखवायचं ते ऑनलाइन आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं ते वहीत, अशी वाटणी झालीय. गाळावाले, तुमचंही हेच असणार. राग मानू नका.

जुना_वाचक

राज्य सरकारच्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष, म्हणजे कोण किती मागे, ते मोजलं, त्यात रस्ते, सिंचन, वीज असे रकाने होते. आता इंटरनेटचा रकाना वाढवा म्हणतात. वाढवा खुशाल. त्यात रबाळे पहिलं येईल आणि या गृहस्थांचं गिऱ्हाईक तरीही जाईल.

रबाळेचा_गाळावाला

ताई, राग कसला, वही समोरच उघडी आहे. शिरोलीकर, तुमचं "सरळ खाली ओढलेलं" वाचून हसलो आणि मग गप्प झालो. आमच्या वहीतही तेच आहे, फक्त पेनने. बाइक काढून नमुना दाखवायचो, त्याचा मला अभिमान होता. ते साहेब दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. नव्या पोराने मला अजून पाहिलेलंही नाही.

पुतणी बीएस्सीला आहे, शनिवारी शीट करून देते म्हणालीय. एक अडचण आहे. एका बारमधून माझे अकरा शाफ्ट निघतात, आणि दुसऱ्या हीटच्या बारचे नग त्याच क्रेटमध्ये जातात. तुम्ही क्रेट वेगळे ठेवता की नगावर नंबर पंच करता, म्हणजे ठोकून उमटवता? शाफ्टच्या टोकाला पंच मारायला माझ्या ड्रॉइंगमध्ये मनाई आहे, म्हणून विचारतो.

शिरोलीकर

पंच नको. बारला कापायच्या आधीच रंगाचा पट्टा मारा, एका हीटला एक रंग, आणि क्रेटला त्याच रंगाचा टॅग. दोन हीटचे नग एका क्रेटमध्ये टाकूच नका, मग क्रेट अर्धा गेला तरी चालेल. तेवढ्यावरून टेम्पोवाला कुरकुरेल.