कापसाचे पैसे येईपर्यंत कार्डाचे 'किमान देय' भरत राहावे का?

प्रश्न (भुसावळ): बहिणीच्या लग्नासाठी जळगावच्या सराफ बाजारातून ६०,००० रुपयांचे दागिने क्रेडिट कार्डावर घेतले. बिलात किमान देय ३,००० रुपये दाखवले आहे. कापूस विकला जाईपर्यंत तेवढेच भरत राहिल्यास चालेल का?

उत्तर (धुळे): किमान देय भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, शिवाय ते खरेदीच्या तारखेपासूनच लागते. दरमहा साडेतीन टक्के दर धरल्यास उरलेल्या ५७,००० रुपयांवर महिन्याला १,९९५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पुढच्या ३,००० रुपयांतून मुद्दल जेमतेम साडेसहाशेने उतरेल. किमान देयाची रक्कम बँकेने स्वतःच्या सोयीची ठेवलेली असते, आपल्या नव्हे.

उत्तर (चाळीसगाव): सहमत. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे किराणा, पेट्रोल रोखीने किंवा खात्यातूनच भागवा. दागिन्यांच्या खरेदीचे हप्ते अनेक बँका करून देत नाहीत. घरात जुने सोने असल्यास बँकेतील सोनेतारण कर्जाची चौकशी करा, कारण त्याचा दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. कार्डावरून रोख मात्र काढू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोमवारी बँकेत जाऊन सोनेतारणाचा दर विचारतो.